कलम अकरा

याश शहरात, ट्राम वळते तिथे, बेकरीच्या वरच्या मजल्यावर
आम्ही दुसऱ्यांच्या जगासाठी बादल्या करतो.
बादल्या, खुंट्या, कललेली कुंपणं, विहिरीवरचं छप्पर.
राजा, राक्षस, तलवार माँट्रियललाच होतात.
ते बाहेर देत नाहीत.

करार बावीस पानी. वाचतो मी एकटा.
बाकीचे विचारतात, पैसे कधी?
काम पसंत पडल्यापासून साठ दिवसांनी.
पसंत कधी पडलं, ते त्यांनी ठरवायचं.
दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीचे पैसे;
म्हणून तिसरीला ते दुरुस्ती म्हणत नाहीत,
खुलासा म्हणतात.

ओतिलियाची बादली पाचव्या खुलाशात आहे.
रात्री अकराला शेरा येतो, तिकडे दुपारचे चार:
‘फार छान झालीय. इतकी छान नको.
खेळणारा थांबून बघत बसेल,
आणि त्याच्या मागे लांडगे आहेत.’

तिनं कडीची चकाकी उतरवली.
त्रिकोण निम्म्यावर आणले.
ठेवला फक्त एक पोचा,
वास्लुईच्या वाटेवरच्या गावात
ट्रॅक्टर मागे घेताना तिच्या काकानं दिलेला.
पोच्यावर कुणी खुलासा मागितला नाही.

कलम अकरा: पैसे मिळताच वस्तू त्यांची,
आणि त्या दिवसापासून नव्हे,
जणू पहिल्यापासूनच त्यांची.
मी मोठ्यानं वाचून दाखवलं.
‘पोचाही?’
पुन्हा वाचलं. पोचाही.
काकाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

साठावा दिवस रविवारी आला.

खेळ बाजारात आला तेव्हा बाहेर बर्फ होतं.
तिचा भाचा राझवान जेवणाच्या टेबलावर खेळत होता,
आणि कलम चौदाप्रमाणे ती गप्प.
विहीर आली. बादली आली.
न राहवून म्हणाली, ‘जरा पाणी पी की.’
‘मावशी, इथे पिता येत नाही.
ती नुसती बादली आहे.’
‘हो,’ म्हणाली, ‘नुसती.’
आणि तो पळाला. लांडगे होतेच.

शेवटी नऊ मिनिटं नावं सरकली,
तिकडच्या स्वयंपाक्याचं, त्या वर्षी जन्मलेल्या बाळांचं.
आमची एक ओळ. कंपनीची. स्पेलिंग चुकलेली.
राझवाननं तोवर बटण दाबलं होतं.

आज नवं काम आलंय: चाळीस खुर्च्या, मोडक्या.
ओतिलिया विचारते,
कुणी मोडल्या?

मी बावीस पानं चाळतोय.