चिपडं

वडगावात आमच्या गल्लीत
माग पहाटे पाचाला सुरू होतात.
करिया त्याच्या आधी उठतो.
त्या सोमवारी उठला, पण डावा डोळा उघडेना.
पापण्या खळ दिल्यागत ताठ,
कोपऱ्यात पिवळी चिपडं वाळलेली,
सुताला गाठ बसावी तशी.

कोमट पाण्यात कापूस भिजवला,
आतनं बाहेर पुसलं.
एका पुसण्याला एक बोळा, मग दुसरा.
गंगव्वा भिंतीवरनं म्हणाली, मध घाल की गं.
समोरच्यानं चहाचं पाणी सांगितलं,
कुणी एरंडेल.
मी म्हटलं, तूस गेली असंल.
आमच्या घरात श्वास घेतला तरी तूस जाते.
निघंल आपोआप.

नाही निघाली.
बुधवारी पिवळ्याचं हिरवट झालं.
जुन्या हातमागाचा खड्डा आहे घरात,
आता त्यात बॉबिनींची पोती असतात.
तिथं जाऊन बसला, उजेडाकडं पाठ करून.
पंजानं डोळा चोळायचा.
ओरडलं की थांबायचा,
आपलं लक्ष धोट्यावर गेलं
की पुन्हा.

जनावरांच्या दवाखान्यात टेबलावर चढेना.
बैलहोंगलच्या बाजारातलं पिल्लू ते.
'कुंद्रु' म्हटलं की बसतो,
'बस' म्हटलं की विचार करतो.
डॉक्टर बडिगेर म्हणजे पोरगीच,
हातावर मांजराचे ओरखडे.
कागदाची नारिंगी पट्टी डोळ्याला टेकवली,
खोलीतला दिवा घालवला,
निळी बॅटरी धरली.

डोळ्यात हिरवा ठिपका पेटला.
ज्वारीच्या कणीएवढा.
इतका सुंदर रंग
मी काठात कधी घातला नाही.
जखम आहे ही, ती म्हणाली.
तूस असंल, काटा असंल, मांजर असंल.
मग विचारलं, एन हाकीरि?
मला वाटलं मी समजले नाही असं तिला वाटलं,
म्हणून तिनं मराठीत पण विचारलं,
काय घातलासा डोळ्यात?

मी म्हटलं, नुसतं पाणी.
आमचे हे भिंतीवरच्या गाईंचा तक्ता बघत होते.
मोतीबिंदूला तीन आठवडे झालेले,
काळा चष्मा, त्यामुळं कुठं बघतात कळत नाही.
बराच वेळ गेला.
मग शर्टाच्या खिशातनं
स्वतःची थेंबांची बाटली काढून टेबलावर ठेवली.

'मला बरं वाटलं की त्यानं.'

तिनं बारीक अक्षरं वाचली.
म्हणाली, लाली जाते ह्यानं,
पण जखम असली तर ही भरू देत नाही.
रागावली नाही.
तिनं रागावायला पाहिजे होतं.
'रात्री,' हे मला म्हणाले, तिला नाही,
'तू झोपल्यावर. तीनदाच.'

दोन बाटल्या दिल्या, रात्रीला एक मलम.
एका थेंबानंतर पाच मिनिटं थांबा, मग दुसरा.
बाटलीचं टोक डोळ्याला लावू नका.
गळ्यात भोपू घाला, चोळू देऊ नका.
भोपू संपलेले. शनिवारी या.

शनिवार कोण बघतो.
ह्यांनी माळ्यावरचे डिझाईनचे पुठ्ठे काढले,
भोकाभोकांचे, कधीच्या काठाचे,
मोर होता बहुतेक, नाहीतर कुयरी.
सुतळीनं ओवून गोल केले.
आता करिया फिरतो
गळ्यात न विणलेलं लुगडं घेऊन,
दाराला अडकतो, बादलीला अडकतो,
आणि भोकांतनं उन्हाचे ठिपके
त्याच्या काळ्या तोंडावर पडतात.

घड्याळ मी बघत नाही.
दोन बॉबिनी संपल्या की थेंब.
ह्यांना बाटलीचं टोक नीट दिसत नाही अजून,
म्हणून हे जबडा धरतात, मी घालते.
पाच मिनिटं तिघं गप्प.
माग बंद ठेवावा लागतो तेवढा वेळ,
गल्लीतले बाकीचे चालूच असतात.

चिपडं थांबली दहाव्या दिवशी.
बुबुळावर पांढरं धुकं राहिलंय थोडं,
बडिगेर म्हणाली, तेवढं राहील.
चालंल.
त्याला वास येतोच माझा.

आज संध्याकाळी थेंबाच्या वेळेला
हे उभेच होते कोपऱ्यात, चष्मा पुसत.
मी म्हटलं, कुंद्रु.
दोघंही बसले.