शुक्रवारपर्यंत

बाद्री पहाटे चारला भट्टीत वाकतो,
कमरेपर्यंत आत,
ओला उंडा मातीच्या भिंतीला चिकटवतो
आणि वर येऊन श्वास घेतो.
दिवसाला तीनशे वेळा.
कुताइसीतल्या आमच्या गल्लीला त्याच्या पावाचा वास आवडतो.
मलाही आवडायचा, गेल्या मंगळवारपर्यंत.

मंगळवारी त्याने दार उघडलं
आणि मी बेसिनकडे धावले.
तो उंबऱ्यातच थांबला,
हातात गरम शोती, भुवयांवर पीठ,
चोरी पकडल्यासारखा.

डॉक्टर इझोल्दा म्हणाली, आठवा आठवडा,
राजम्याच्या दाण्याएवढं असेल.
सहज म्हणाली. तिला काय ठाऊक
घरी मी राजमा भिजत घालून आले होते.
संध्याकाळी एक दाणा उचलून तळहातावर घेतला,
फुगलेला, सालीला एक सुरकुती.
बाजूला ठेवला.
मग म्हटलं, आतापासून लाड नकोत,
आणि तोही टाकला पातेल्यात.

पिठाच्या पोत्याच्या कागदावर यादी केली, पेन्सिलीने.
सोमवार: पालक उकडून, घट्ट पिळून, अक्रोडाच्या वाटणात. लसूण नको.
मंगळवार: राजमा, वरून कोथिंबीर.
बुधवार: कोंबडीचं सूप. जमलं तर कोंबडीही.
गुरुवार: बीट, आणि चीज फक्त उकळत्या पाण्यातून काढलेलं.
शुक्रवार: ट्राउट, काट्यापर्यंत शिजलेला.

बाद्रीने विचारलं, शनिवारी उपास?
म्हटलं, शनिवारचं शनिवारी बघू.

गेल्या वेळी मी महिन्याची यादी केली होती,
शाईने, पट्टीने रेघा मारून.
नंतर ती कितीतरी दिवस फ्रिजवर तशीच होती.
दूध काढायला दोघंही दार उघडायचो,
कागद फडफडायचा,
आणि दोघंही दुधाबद्दलच बोलायचो.

यादीतलं काय खाल्लं, विचारू नका.
पालकाकडे नुसतं पाहिलं.
सूप दोन घोट.
रात्री तीनला, तो कामावर निघाल्यावर,
बरणीच्या तळाची हिरव्या आलुबुखाराची चटणी
बोटाने निपटून खाल्ली,
दात आंबेपर्यंत,
आणि तव्यावर मक्याची भाकरी थापली.
पाववाल्याची बायको, अंधारात,
मक्याची भाकरी खातेय.
हसू आलं. भाकरी पोटात राहिली.

आता बाद्री कामावरून थेट वर येत नाही.
तळमजल्यावर त्सियालाकडे अंघोळ करतो.
तिला सांगितलंय, आमचा गीझर बिघडलाय.
तिने काही विचारलं नाही, टॉवेल दिला.
चौथ्या दिवशी आमच्या दाराच्या कडीला पिशवी:
आलुबुखाराच्या चटणीची अख्खी बरणी,
कोवळ्या खाजकुयलीची जुडी, या वर्षीची पहिली,
आणि ती सोलायला रबरी हातमोजे.
मी जिन्यातून वाकून आभार मानले.
खालून ओरडली,
"गीझर बिघडला की उपयोगी पडतं, इया!
कोणाला सांगणार नाही मी, गीझरचं!"
तिसऱ्या मजल्यावरचं एक दार हळूच उघडलं
आणि हळूच बंद झालं.

आज शुक्रवार.
वितळल्या बर्फाने रिओनी फुगलीय,
पुलावरून येताना नदी दोन्ही कानांत होती.
मासा तव्यावर टाकला, खिडकी उघडी ठेवली, वाट पाहिली.
काही झालं नाही.
अर्धा खाल्ला. कातडीसकट.

बाद्री आला, त्सियालाच्या साबणाचा,
लिलीच्या फुलांचा वास घेऊन,
कोण्या परक्या काकूसारखा.
मी त्याच्या कानामागे नाक नेलं.
तिथे अजून थोडं पीठ होतं.
एक क्षण घाबरलो दोघंही.
मग तो म्हणाला, धुऊन येऊ?
म्हटलं, राहू दे.

उरलेला मासा झाकून ठेवला.
पेन्सिल शोधली. टोक मोडलेलं होतं,
त्याने सुरीने काढून दिलं.
शनिवार, मी लिहिलं:
कालचंच. नीट गरम करून.