परतीचं टेबल

रुवीच्या शाखेत, एसीच्या अगदी तोंडाखाली
माझं टेबल. इथे पैसे परत येतात.
खातं बंद म्हणून. नाव जुळत नाही म्हणून.
पासबुकात माहेरचं, फॉर्मवर सासरचं,
मध्ये समुद्र.
रियालला दशांशानंतर तीन आकडे,
बैसा न् बैसा लागल्याशिवाय घरी जाता येत नाही.
ज्याला कुणीच विचारत नाही अशी रक्कम
सस्पेन्स खात्यात.
तिथे चार वर्षं साडेबासष्ट रियाल पडून आहेत.
रोज बघते. ओळख झालीय आमची.

परकार सोहारहून बसने आले. क्रेन चालवतात.
"बाई, रात्री कोणीतरी माझे पैसे काढलान."
अकरा वेळा, दोन ते साडेतीनमध्ये,
पाच-पाच रियाल.
मी ठरलेले प्रश्न विचारले.
कार्ड कुणाला दिलं? नाय.
नंबर सांगितला? नाय.
त्या वेळी तुम्ही? झोपलेला.
खूण केली: ग्राहकाची संमती नाही.

नवव्या दिवशी समोरच्या कंपनीचा पुरावा आला.
खेळातल्या बंदुका विकतात ते, आणि सोन्याची नाणी.
विकत घेणारा: अयान_दापोली_०७.

परकारांनी स्क्रीनवर बोट ठेवून वाचलं.
पुन्हा वाचलं.
मग विचारलं, "घेणाऱ्याचा काय करतात?"
म्हटलं, कधी कधी पोलिसांत जातं.

बराच वेळ टोकन मशीन एकटंच बोलत होतं.

"ऱ्हाऊ दे बाई. मीच केलाय."
तुम्ही झोपला होतात ना?
"झोपेत केलाय."

यादी उघडली. कारणं बावीस.
दुबार व्यवहार, चुकीची रक्कम, मयत खातेदार...
झोपेत, नाही.
मागाहून दिलेली संमती, नाही.
'तक्रार मागे' निवडलं.
त्यांची सही नमुन्याशी जुळेना,
शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलेलं.
मी चालवून घेतली. माझ्या नोकरीत
हे लिहून ठेवायची गोष्ट नाही.

दारापर्यंत गेले आणि परत आले.
पाकिटातून घडी घातलेल्या नोटा काढल्या.
"पोराची फी ऱ्हायलीय. पाठवायची हाय.
नाव नीट लिवा.
अ. य ला काना. न.
मागं येता कामा नये."