वरचं

एकेचाळीस वर्षं लातूरच्या आडत बाजारात माप केलं.
पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं.
लाभ, दोन, तीन...
तूर, हरभरा, करडई.
पोत्यावर चिमणी बसली तरी म्हणायचो,
हो बाजूला, वजनात येशील.

गयाबाई भाजी तोलून झाल्यावर
चिमूटभर कोथिंबीर पिशवीत टाकायची.
हे कशाचं?
"वरचं हाय, मापाडी. ह्याला हिशेब नसतो."
मला ते पटायचं नाही.
जे काट्यावर चढलं नाही
ते नेमकं कोणाचं, कोणाच्या खात्यातून?
घरापर्यंत हाच घोळ डोक्यात.

मग मोतीबिंदू पिकला.
आठाचा तीन दिसू लागला, तिनाचा आठ.
अडत्याचा पोरगा चहा पुढं करत म्हणाला,
"मन्मथअप्पा, बसा की आता घरी."

उदगीरला शिबिरात नंबर लागला.
आदल्या रात्री कॉटवर पडून म्हटलं,
महादेवा, काट्यावरचे आकडे दिसू दे.
एवढंच.
मागणंसुद्धा मी मोजूनच मागायचो.

सकाळी पट्टी निघाली.
रेहाना सिस्टरनं एक बोट धरलं डोळ्यापुढं.
"किती?"
लाभ, मी म्हणालो.
ती डॉक्टरांकडे बघू लागली,
डोळा बरा झाला, डोकं बिघडलं की काय.

पण तिची ओढणी!
निळी.
इतकी निळी की मला आधी शब्दच सापडेना.
सात-आठ वर्षं सगळ्या मुलखावर
चहाचं पाणी सांडलं होतं
आणि मी समजत होतो, जग जुनं झालं.

परतताना नळेगावच्या अलीकडे एस्टी पंक्चर.
लोक ड्रायव्हरला बोलत होते,
मी बांधावर उतरलो.
तूर फुलली होती.
पिवळं फूल, अन् पाकळीच्या पाठीवर
बारीक तांबड्या रेघा.
पाठीवर! जिकडे कोणी बघत नाही तिकडे.
किती हजार क्विंटल तूर या हातांखालून गेली,
फुलाला पाठ असते हे ठाऊक नव्हतं.

डाळ या रेघांवाचूनही शिजली असती.

पावसाच्या मापात हात आखडणारा तो,
आमच्या विहिरींना तळ दाखवणारा,
त्याच्याशी माझं भांडण आहे, ते मिटलेलं नाही.
पण रात्री-अपरात्री
एकेका पाकळीमागं जाऊन
रेघा ओढत बसलेला तो,
याचा हिशेब कोणत्या वहीत मांडू?

घरी आलो तर नळाचा दिवस. दहाव्या दिवशी पाणी.
गल्लीतला वॉल्व्ह गळत होता,
फवारा उडत होता,
त्यात वीतभर इंद्रधनुष्य.
पाणी आलं होतं, तेवढं पुरे होतं.
मी बघतच राहिलो.
"बघताय काय, बादली लावा," द्वारका ओरडली,
अन् मी तिच्याकडे पाहिलं.
हनुवटीवरचं गोंदण हिरवं.
मी काळं समजत होतो इतकी वर्षं.
बादली भरून वाहू लागली,
तिनं कपाळाला हात लावला.

कामावर पुन्हा कोणी बोलावलं नाही.
तिथं आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, तांबडे आकडे,
लांबूनही स्पष्ट दिसतात.

शनिवारी गयाबाईकडे गेलो.
पाव किलो वांगी, अर्धा किलो मेथी.
तोलून झालं.
तिचा हात कोथिंबिरीकडे गेला,
मी काही विचारलं नाही.
पिशवीचं तोंड जरा जास्त उघडं धरलं.

कोथिंबीर तशी सुकलेलीच होती.
वास मात्र घरापर्यंत आला.