उशा किती

फॉर्मवर अठ्ठेचाळीस रकाने आहेत.
वय, वजन, पायांवरची सूज,
हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त पुढे ढकलतं,
आणि बाविसावा : रात्री उशा किती लागतात.
मी तोच आधी विचारते.

एस्पेरांसा बार्रेटो, कुंकळ्ळी : तीन.
तिसरी नवऱ्याची, रिकामीच पडून होती म्हणे.
शाणू वेळीप, केपे : उशी नाहीच.
काजूच्या पोत्याला टेकून बसतो, तेवढ्यात उजाडतं.
शून्य लिहू की काय लिहू?
सर म्हणाले, चार लिही.

खाट अकरा. पुरसो आगरवाडेकर,
बासष्ट वर्षं, टक्के बावीस.
धंदा : मिठागर.
तेहतिसाव्या रकान्यात मी विचारलं, मीठ किती खाता?
तो हसला, खोकला, दम गोळा करून पुन्हा हसला.
"खातां किती तें खबर ना बाय,
काडटां किती तें विचार."

सहा दिवसांत सात किलो पाणी उतरलं त्याच्यातून.
नर्स माप लिहायची आणि तो मान वाकडी करून
पातळी बघायचा, आगरातली बघावी तशी.
"मानशीचं दार उघडलंत तुम्ही.
भरतीला बंद कोण करणार?"
याला रकाना नव्हता.

घरी जाताना चार गोळ्या, एक तक्ता,
खारं बंद, लोणचं बंद, पापड बंद.
मुलाने माझ्या टेबलावर पिशवी ठेवली,
जाड, करडं मीठ, दोन किलो तरी असेल.
"तुम्हांला चालतं ना?"

तिसावा दिवस. उशी एक.
वजन रोज करतो, गोणीच्या काट्यावर :
एक गोण आणि वर चार किलो.

नव्वदावा. मे महिना, फोन सुनेने घेतला.
ते आगरात आहेत, मीठ धरलंय.
सकाळची गोळी घेत नाहीत,
उघड्या आगरात सारखं सारखं जायचं कुठे?
'औषध चुकलं : होय.'
कारणासाठी एक इंच जागा होती,
मी समासात शिरले.

एकशेऐंशीवा. फोन वाजला.
दुसऱ्या दिवशी वाजला.
मग वाजेनासा झाला.

परिषदेत पडद्यावर आमची रेषा
पायऱ्या उतरत गेली, एकेक पायरी एकेक माणूस.
पुरसो पायरी नाही. रेषेवरची बारीक उभी खूण.
गेला असं नाही, सांख्यिकीवाले म्हणाले,
इथून पुढे आपण त्याला मोजत नाही, एवढंच.
पुढचा प्रश्न कुणीतरी खर्चाबद्दल विचारला.

ऑगस्ट. मीठ ओट्यावर पाझरतंय.
पिशवीला खाली भोक पडलं, तेव्हापासून ताटली ठेवलीय.
सकाळी भरलेली असते.
ओतून देते.
एकदाच, कुणी बघत नसताना,
मापात ओतून पाहिलं :
चाळीस मिली.
कुठे लिहिलं नाही.