वीस सेंटीमीटर खाली

सांवेरच्या अलीकडे आमचे सहा बिघे,
यंदा सगळ्यात बटाटा.
त्यात मी तीन नळ्या रोवल्या,
बुडाला जिप्समचा पांढरा ठोकळा,
वर बांबूला बांधलेली डबी.
डबीतला आकडा इंदूरला, माझ्या फोनवर येतो.
आकडा चढला की जमीन तहानलेली,
उतरला की तृप्त.
उलटंच आहे जरा. सवय व्हायला पौष उजाडला.

भेरूलालची पद्धत जुनी.
ढेकूळ उचलायचं, मुठीत दाबायचं,
लाडू वळला तर पाणी नको,
फुटला तर मोटर.
"कंई के री हे डबी?" तो विचारतो,
हसू येण्याआधी बिडी विझवून.

एकादशीला दोघांचं जुळेना.
त्याच्या मुठीत लाडू फुटला,
माझ्या डबीत बावीस, म्हणजे थांबा.
शेवटी कुदळ आणली.
वरची चार बोटं नुसती राख,
आणि वीतभर खाली
पुसलेल्या पाटीसारखी काळी ओल.
सुपारीएवढा एक बटाटा उघडा पडला होता.
उन्हानं हिरवा होईल म्हणून
भेरूलालनं आधी त्याला झाकलं,
मग मान हलवली.

पण तिसरी नळी, नाल्याकडची,
रोज नव्वद, पंच्याण्णव, कोरडं कोरडं म्हणून ओरडायची.
मी कंपनीला दोन पत्रं लिहिली.
भेरूलाल उकिडवा बसला, भेगेत काडी घातली,
"ईके माटी नी लागी, बाई."
काळी जमीन आक्रसली, नळीभोवती पोकळी झाली,
ती बिचारी हवा मोजत होती.
त्याच वाफ्याची माती त्यानं ताकासारखी कालवली,
भोवती ओतली, अंगठ्यानं दाबली.
दुसऱ्या दिवशी पंचवीस.
कंपनीचं उत्तर अजून यायचंय.

शेताची वीज रात्री दीडला येते.
तीस वर्षं तो दीडला उठतो,
थंडीत, टॉर्च तोंडात धरून, बारे फोडायला.
परवा मी सांगितलं, आज पाणी नाही, निजा.
पावणेदोनला फोन वाजला.
मागे शेजारच्यांच्या मोटरी घुमत होत्या.
"आज नी चलानी?"
नाही.
"तो सुई जऊं?"
झोपा हो.
त्यानं फोन ठेवला नाही बराच वेळ.
मीही.

पहाटे पाहिलं, तेवीस.
सकाळी दहाला, तेवीस.
दुपारी ऊन चढलं तेव्हा चोवीस:
खाली कुणीतरी
घोटभर पिऊन घेतलं होतं.