आधी काय बदलावं

डंडीत डिसेंबर. साडेतीनलाच अंधार
नदीवरून चढत चढत आमच्या चौथ्या मजल्याशी आलाय.
टेबलावर मशीन एका कुशीवर उघडं,
आणि मी नेलपॉलिशच्या वाळक्या ब्रशाने
पंख्याच्या पात्यांतली अकरा वर्षांची धूळ काढतेय.
करडी, लोकरीसारखी,
थोडी तर आधीच्या भाडेकरणीच्या मांजराचीही असावी.

दोनशे चाळीस पौंड.
फार्मसीतल्या एका रद्द चिठ्ठीच्या पाठीवर
आकडे मांडून झाले, खोडून झाले.

ग्राफिक्स कार्ड घेतलं तर
नॉर्वेतला ओला रस्ता खरोखर ओला दिसेल,
समोरच्या ट्रकचे दिवे त्यात लांबत जातील.
पण मग प्रोसेसर धापा टाकत मागे,
नव्या बैलाशेजारी म्हातारा जुंपल्यासारखा.
प्रोसेसर घ्यावा, तर बोर्ड त्याला ओळख देत नाही.
बोर्ड घ्यावा, तर रॅमच्या खाचा निराळ्या.
एक दोरा ओढायला जावं
आणि अख्खा स्वेटर मांडीवर यावा.

दुरुस्तीवाला फ्रेझर म्हणतो, पॉवर सप्लाय बघ आधी.
तो दिसत नाही, म्हणून कुणी त्याला विचारत नाही.
आणि मरताना
तो एकटा मरत नाही.

मग तो माझ्याकडे न बघता म्हणतो,
पण तू डिस्क का बदलत नाहीस?
चाळीस पौंडांचं काम.
पोरंसुद्धा आधी तेच करतात.
तुझा गेम सुरू व्हायला किती वेळ लागतो?

दोन मिनिटं चाळीस सेकंद.
मला सेकंदांनिशी ठाऊक आहे.

दर रविवारी चारला, म्हणजे
इचलकरंजीत साडेनऊला, भांडी आवरून,
सुमेधा लॅपटॉप उघडते.
मग आम्ही दोघी दोन ट्रक घेऊन
मासळी, कागद, कधी नुसतीच रेती
एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवतो.
घरच्या स्कूटरला तिला कुणी हात लावू देत नाही.
इथे ती अठरा चाकं
घाटातून उलटी घेते.

तिचं आधी सुरू होतं. माझी पांढरी पट्टी
सत्तर टक्क्यांवर अडकलेली असते.
करण्यासारखं काही नसतं.
बघण्यासारखंही काही नसतं.
तेव्हा ती बोलते.

बांगड्या मोडल्या गं मी. आईच्या.
मागच्या दिवाळीआधीच.
तुला सांगायचं राहून गेलं.
मी काही म्हणायच्या आत पट्टी सरली,
इंजिन घरघरलं, आणि ती म्हणाली,
चल, डावीकडे घे, पुढे टोल आहे.

एकदा मीही बोलले होते.
परत येणार नाही असं वाटतं, म्हणाले,
एवढंच; एकोणनव्वद टक्के झाले होते.
त्यानंतर दोनशे किलोमीटर
आम्ही फक्त इंधनाबद्दल बोललो.
ते बरं वाटलं.

फ्रेझरला हे कसं सांगणार?
डेटा हलवायचा कंटाळा, म्हटलं.
त्याने खांदे उडवले.

चिठ्ठीवर मी लिहिते: पॉवर सप्लाय.
खाली, कार्ड, जुनं, चांगल्या अवस्थेतलं.
त्याखाली डिस्क लिहिते,
आणि पुढे प्रश्नचिन्ह काढता काढता
पेन तिथेच ठेवून देते.

झाकण लावलं. एक स्क्रू उरला.
नेहमी उरतो. वाटीत टाकला,
तिथे त्याचे चार भाऊबंद आहेत.

चार वाजले.

ताई, आज तुझ्याकडचे माग बंद वाटतं?
पंख्याची धूळ काढली.
अगं बाई. मग आता लवकर लागेल?

नाही, मी म्हणते. तेवढंच.

पट्टी बारा टक्क्यांवर.
हं, ती म्हणते,
आणि खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज येतो.